आरोग्य पाठ : न भरणारी जखम



मागील अंकातला जमाखर्च वाचून सांगलीच्या एका भगिनींनी उपासनेनंतर मला बाजूला घेतले आणि स्पष्टच विचारले, "सिस्टर, आम्ही कॅन्सरच्या रुग्णांसाठी म्हणून पाकीट देतो. मग त्यात पट्ट्या, चपला आणि टॉर्चचे सेल कसे आले?" प्रश्न रास्त आहे. देणाऱ्याने विचारावे आणि घेणाऱ्याने उत्तर द्यावे, हेच बरे. पण उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही. त्यासाठी जखम आतून कशी भरते आणि भरली नाही तर काय होते, हे आधी समजून घ्यावे लागते. म्हणून या अंकातला पाठ त्यावरच लिहिते आहे.

बोटाला विळा लागला की काय होते ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. जागा लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते. पहिल्या शतकातल्या सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने हीच चार लक्षणे लिहून ठेवली आहेत, आणि आजही वैद्यकीय अभ्यासक्रमात ती शिकवतात. याला आपण दाह म्हणतो. दाह हा रोग नाही, ती दुरुस्ती आहे. जखमेच्या जागी रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी धावून येतात, जंतू मारतात, मेलेले मांस साफ करतात आणि भोवतालच्या पेशींना निरोप देतात की वाढा, खाच भरून काढा. आठ-दहा दिवसांत काम संपते, खपली पडते, पांढऱ्या पेशी निघून जातात.

घराची भिंत पडली तर गवंडी येतो, परांची बांधतो, माल कालवतो, भिंत उभी करतो आणि परांची सोडून आपल्या घरी जातो. तसेच हे. पण समजा भिंतीच्या मागे रोज कोणीतरी पहार मारीत आहे. गवंडी सकाळी बांधतो आणि संध्याकाळी ती ढासळते. मग परांची उतरत नाही, माल कालवणे थांबत नाही. एक वर्ष, दहा वर्षे, तीस वर्षे. याला जुनाट दाह म्हणायचे. त्यात दुखणे बरेचदा कमी होते, आणि माणसाला त्याची सवय होते. खरी अडचण इथेच आहे.

आता त्या पांढऱ्या पेशींकडे जरा जवळून पाहू. जंतू मारण्यासाठी त्या जी रसायने सोडतात, त्यांतले एक तर आपण विहिरीत टाकतो त्या ब्लीचिंग पावडरीच्याच जातीचे आहे. ते जंतूला मारते, पण शेजारच्या आपल्या चांगल्या पेशीच्या डीएनएलाही डागते. डीएनए म्हणजे पेशीने कसे वागावे, कधी वाढावे आणि कधी थांबावे याची लिहून ठेवलेली पोथी. दर वेळी पेशी दुभंगते तेव्हा सुमारे तीन अब्ज अक्षरांची ही पोथी नव्याने उतरवावी लागते. एकीकडे अक्षरांवर डाग पडत आहेत आणि दुसरीकडे खाच भरण्यासाठी घाईघाईने नकला उतरवल्या जात आहेत. चुका होतात. बहुतेक चुका पेशी स्वतः सुधारते, किंवा बिघडलेली पेशी मरून जाते. पण वर्षानुवर्षे हेच चालले तर एखादी चूक नेमकी "थांब" या शब्दावर पडते.

अशी एकच पेशी निरोगी, शांत मांसात असती तर बहुधा तिचे काही चालले नसते. पण इथे तिच्यासाठी सगळी सोय तयार आहे. वाढीचे निरोप रोज येत आहेत, नव्या रक्तवाहिन्या खाऊ पुरवीत आहेत, आणि जखम भरताना शरीर आपल्या पहारेकऱ्यांना जो "आता शांत व्हा" असा हुकूम देते, तोही तिच्या पथ्यावर पडतो. गवंड्याने बांधलेल्या परांचीवरूनच चोर वर चढतो म्हणा ना.

हे कोडे तसे नवे नाही. रुडॉल्फ फिर्खो या जर्मन डॉक्टरांना १८६३ साली कॅन्सरच्या गाठींत पांढऱ्या पेशी दिसल्या होत्या, आणि जुनाट चुरचुरीच्या जागी कॅन्सर उद्भवतो असे त्यांनी मांडले होते. पुढे शंभरेक वर्षे या म्हणण्याकडे फारसे कोणी वळले नाही. १९८६ साली बोस्टनच्या हॅरल्ड ड्व्होरॅक यांनी दाखवून दिले की गाठ आणि भरत येणारी जखम सूक्ष्मदर्शकाखाली पुष्कळ सारख्या दिसतात. फरक एवढाच की गाठीतली दुरुस्ती कधी संपत नाही.

आपल्याकडचा दाखला त्याहून आधीचा आहे, आणि तो मला फार जवळचा वाटतो. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळेत डॉ. वसंत रामजी खानोलकर हे विकृतिशास्त्रज्ञ होते. लोकांच्या राहणीमानाचा आणि कॅन्सरचा संबंध काय, हा त्यांचा ध्यास. त्यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली एक निबंध लिहिला, त्यात कमरेवरच्या कॅन्सरचे वर्णन आहे. धोतर किंवा लुगडे रोज एकाच जागी घट्ट आवळायचे, घाम आणि धूळ त्यात मुरायची, कातडी काळी पडून सोलवटायची, पुढे तिथे न भरणारा व्रण व्हायचा आणि काही जणांत त्याचा कॅन्सर. "धोतराचा कॅन्सर" हे नाव तेव्हापासून वैद्यकीय पुस्तकांत आहे. जुनी गोष्ट म्हणून ती सोडून देऊ नका. २०२४ साली वर्धा आणि बिहार इथल्या डॉक्टरांनी अशाच दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत ब्रिटनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापली. त्यांपैकी साठी उलटलेल्या एका बाईंनी चाळीस वर्षे परकराशिवाय लुगडे आवळून नेसले होते. व्रण दोन वर्षे होता, आणि निदान झाले तेव्हा कॅन्सर जांघेतल्या गाठीपर्यंत पोहोचला होता. असे रुग्ण विरळा असतात हे खरे. पण कमरेवर काळा, खाजरा, सोललेला पट्टा असलेली आजी आपल्या प्रत्येक मंडळीत निघेल. तिला गाठ सैल बांधायला, जागा बदलायला आणि नाडीऐवजी रुंद पट्टी वापरायला सांगणे यात खर्च काही नाही. आणि तिथे व्रण असेल तर तो डॉक्टरांना दाखवायचा, त्यावर नुसती पावडर मारून भागवायचे नाही.

आता चपलांकडे येते.

वाई तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवर एक बाबा आहेत. नाव लिहीत नाही. तरुणपणी कोळशाच्या भट्ट्यांवर ते कुटुंबासह हिंडले. कुष्ठरोग झाला होता, औषधे घेऊन तो केव्हाच बरा झाला. पण पायाच्या नसा गेल्या त्या परत आल्या नाहीत. पायाला कळत नाही तर काटा रुतला, निखारा लागला, तरी माणूस चालतच राहतो. वेल्लोरला काम केलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी हीच गोष्ट जगाला पटवून दिली, की कुष्ठरोग्याचे पाय रोगाने सडत नाहीत, ते दुखत नाही म्हणून झिजतात आणि फुटतात. बाबांच्या टाचेच्या पुढे असा व्रण होता. किती वर्षे? "थोरला पोर झाला तवापासून," असे ते म्हणाले. थोरल्याला आता नातू होण्याची वेळ आली आहे.

त्यांच्या सुनेने मला बोलावले ते वास येतो म्हणून. पाहिले तर व्रणाची कड उचललेली, फुलकोबीसारखी वाढलेली, आणि हात लावला की रक्त येत होते. जुन्या व्रणाने असे रूप बदलले की तपासणीसाठी तुकडा काढल्याशिवाय राहायचे नाही, हा आमचा नियम. बाबा तयार नव्हते. "दुखत न्हाई तर कशाला कापता?" या बोलण्यापुढे शहाणपण चालत नाही, कारण त्यांच्या अनुभवात ते खरेच आहे. तिसऱ्या फेरीला ते गाडीत बसले, तेही नातीने हट्ट धरला म्हणून. मिरजेला तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. गुडघ्याखाली पाय काढावा लागला. आज ते कुबडीवर अंगणात येतात आणि माझ्याशी भांडतात, म्हणजे बरे आहेत.

जुन्या व्रणातून किंवा भाजल्याच्या डागातून उठणाऱ्या या कॅन्सरला फ्रेंच शल्यचिकित्सक मार्जोलिन यांचे नाव आहे. त्यांनी अशा व्रणांचे वर्णन १८२८ साली केले होते. भाजल्याच्या डागात तो यायला सरासरी तीस वर्षांच्या आसपास लागतात. तीस वर्षे! एवढ्या काळात कोणीही, कधीही पहार मारणे थांबवले असते तर गवंडी घरी गेला असता. बाबांच्या बाबतीत ती पहार म्हणजे अनवाणी पाऊल. मऊ तळाची एमसीआर चप्पल, रोज वीस मिनिटे साध्या पाण्यात पाय भिजवणे, कडक कातडी घासणे, वर खोबरेल तेल, स्वच्छ पट्टी, आणि व्रण भरेपर्यंत त्या पायावर भार न देणे. मिरज आणि परिसरात कुष्ठरोगाचे काम पूर्वीपासून झाले आहे आणि हे सारे तिथल्या जुन्या कर्मचाऱ्यांना तोंडपाठ आहे. अवघड आहे ते वाडीवर रोज घडवून आणणे. वीटभट्टीवर उचल घेतलेल्या माणसाला "पायावर भार देऊ नका" असे सांगणे सोपे, पण त्या दिवसाची मजुरी कोण देणार? म्हणून चपला आणि पट्ट्या. चांगल्या शोमरोन्यानेही जखम बांधून झाल्यावर पुढच्या दिवसांच्या खर्चाचे पाहिले होते, हे आपल्या लक्षात असतेच.

टॉर्चचे सेल तोंडासाठी.

सातारा-सांगलीकडे मशेरी काय असते हे सांगायला नको. कुणी मिसरी म्हणतात. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि दातांना लावायची. पहिल्यांदा दात घासायला, मग चहानंतर, मग कामावर जाताना, मग झोप येत नाही म्हणून. वाडीवर लावतात तशी ती आपल्याही घरांत लावतात, मंडळीतल्या काही वडीलधाऱ्या बायका अजून लावतात. त्यांना मी नावे ठेवीत नाही, कारण त्यांना ती "दातांचे औषध" म्हणून कोवळ्या वयात मिळालेली आहे. पण तंबाखू तोंडात दोन्ही बाजूंनी काम करते. तिच्यातली विषारी द्रव्ये डीएनएला सरळ डागतात, आणि वर हिरडीला रोज चुरचुरत ठेवतात. म्हणजे पहारही तीच मारते आणि चोरालाही तीच बोलावते. आधी पांढरा चट्टा येतो, खरडून न निघणारा. काहींत लाल चट्टा येतो, तो जास्त धोक्याचा. सगळ्याच चट्ट्यांचा कॅन्सर होत नाही. कोणत्या चट्ट्याचा होईल हे मात्र नुसते पाहून सांगता येत नाही.

पोरांचे निराळेच. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि मावा कोपऱ्याकोपऱ्यावर मळून मिळतो. सुपारी निर्दोष आहे असा आपला समज आहे, कारण ती पूजेत आणि पानात असते. पण तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ठरवले आहे. सुपारीने जे होते त्यात जुनाट दाहाची चाल अगदी पायरीपायरीने दिसते. प्रथम तिखट लागले की गाल जळतो. मग गालाच्या आतली कातडी पांढुरकी आणि कडक होते, आत दोऱ्यांसारखे पट्टे हाताला लागतात. मग तोंड उघडत नाही. आपली तीन बोटे उभी धरून दातांमध्ये जातात का, हे करून पाहा. ज्याची दोनच जातात त्याला आजच थांबवायला हवे. ती कातडी पुन्हा पहिल्यासारखी मऊ होणे अवघड असते, पण पुढची पायरी टळू शकते.

तोंड पाहण्याने खरेच काही साधते का? साधते. केरळात तिरुवनंतपुरमच्या आसपास प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन तोंडे तपासली. २००५ साली निष्कर्ष आले. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले होते. हत्यार काय, तर डोळे आणि उजेड. महाराष्ट्रातही १९७२ साली डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी १,०१,७६१ खेडूतांच्या तोंडांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. तेव्हा आपण वाडीवर काही नवलाचे करीत नाही.

जंतूंचेही थोडे सांगते. काही जंतू शरीरात ठाण मांडून बसतात आणि दाह विझू देत नाहीत. २०१८ सालच्या हिशेबाप्रमाणे जगातल्या नव्या कॅन्सरपैकी सुमारे १३ टक्के जंतुसंसर्गामुळे होते. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांचा, जठराच्या दाहाचे कारण जंतू आहेत, या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवीना. तेव्हा १९८४ साली त्यांनी ते जंतू स्वतःच पिऊन टाकले आणि आजारी पडून दाखवले. २००५ साली त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळाले. तोच जंतू वर्षानुवर्षे राहिला तर काहींना जठराचा कॅन्सर होतो. हिपॅटायटिस बी हा विषाणू यकृत असेच पोखरतो, म्हणून बाळाला त्याची लस चुकवू नये. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमागे एचपीव्ही विषाणू असतो. तो मुख्यतः पेशीचा लगाम स्वतःच तोडतो, दाह त्याला हातभार लावतो. या कॅन्सरबाबत मराठी मुलखातले काम जगाला उपयोगी पडले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. एचपीव्हीची एकच तपासणी ज्या गावांत झाली, तिथे आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. तीस ते साठ वयाच्या भगिनींनी हे वाचून पुढच्या महिन्याची वाट पाहू नये.

आता उलट बाजू. हा पाठ वाचून कोणी घाबरून बसावे असे मला मुळीच वाटत नाही. गुडघ्याचा संधिवात हाही जुनाट दाहच, पण म्हणून गुडघ्यात कॅन्सर होत नाही. तोंड आले, आठ-दहा दिवसांत बरे झाले, तर तो विषय तिथेच संपला. पुष्कळ कॅन्सरमध्ये दाहाचा वाटा थोडा किंवा अस्पष्ट असतो. आणि जखमेतून किंवा रुग्णाच्या ताटातून कॅन्सर लागत नाही. ज्या वाडीवर बाबांची भांडी वेगळी ठेवली गेली तिथे हे मला चारदा सांगावे लागले.

दुसरे, "शरीरातला दाह घालवणारी" चूर्णे आणि रस यांचे निरोप हल्ली मोबाइलवर फार फिरतात. भाजीत हळद घालावी, ती आपण घालतोच. पण हळद खाऊन मशेरी चालू ठेवणे म्हणजे एका हाताने बांधणे आणि दुसऱ्याने पाडणे. दाह दाबणाऱ्या एका औषधाची मोठी चाचणी हृदयरोग्यांवर झाली. तिचे निकाल २०१७ साली आले. सुमारे दहा हजार रुग्णांत ते इंजेक्शन मिळालेल्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी झाला. दाहाचे म्हणणे माणसातही खरे आहे, याचा हा चांगला पुरावा. पण त्याच लोकांत जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू थोडे वाढले, कारण गवंड्यालाच हाकलून दिले तर खरी जखम कोण भरणार? म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून "दाह घालवण्यासाठी" रोज घेऊ नका. त्याने जठराला व्रण होतो आणि मूत्रपिंडे जातात. आपल्या हाती आहे ते पहार काढून घेणे.

सांगलीच्या त्या भगिनींना मी एवढेच म्हणाले होते की बाबांचा पाय काढण्याचा, प्रवासाचा, सोबत्याच्या जेवणाचा आणि कुबडीचा खर्च एका बाजूला मांडा, आणि तीस वर्षांच्या चपला दुसऱ्या बाजूला. त्यांनी हिशेब मांडला की नाही ठाऊक नाही, पण पुढच्या रविवारी जुन्या सुती साड्यांचे गाठोडे आणून दिले. उकळून, वाळवून त्याच्या पट्ट्या चांगल्या होतात.

घरी कोणाचे तोंड पाहायचे असेल तर भर उजेडी, दाराशी बसवून पाहा. कवळी असेल तर काढायला सांगा. आधी ओठ उलटून, मग दोन्ही गाल चमच्याच्या दांड्याने बाजूला सारून, मग हिरडीचा तो कोपरा जिथे मशेरी किंवा तंबाखूचा बार धरतात. जीभ स्वच्छ फडक्यात धरून दोन्ही कडा पाहा, मग टाळूला लावायला सांगून खालची बाजू पाहा. शेवटी गळ्याला गाठी लागतात का ते चाचपा. पांढरा किंवा लाल चट्टा, कडक जागा, किंवा तीन आठवड्यांत न भरलेला व्रण दिसला तर कॅन्सर हा शब्द उच्चारू नका. "दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ" एवढेच म्हणा, आणि त्याच आठवड्यात स्वतः सोबत जा.